गोठ्यामागचं लोखंड

कुणाच्या वस्तीवर इंजिन दुरुस्तीला गेलो की मी आधी गोठ्याच्या मागं जातो. बिघडलेलं यंत्र नंतर बघतो. बांधाच्या कडेला, बाभळीखाली, नाहीतर पडक्या गुऱ्हाळघराच्या भिंतीलगत त्या घराचं जुनं लोखंड पडलेलं असतं. मला लागणारी पुली, बेअरिंगचं घर, मापाचा बोल्ट, नशीब असेल तर आख्खा पंपसुद्धा तिथंच सापडतो. कृष्णा आणि येरळेच्या मधल्या पट्ट्यात, पलूस, तासगाव, विट्याच्या बाजूला इंजिन मेस्त्री म्हणून माझी सगळी हयात गेली. घराची परिस्थिती जोखायला लोक माडी बघतात, दारातला ट्रॅक्टर बघतात. मी मागचं लोखंड बघतो. कुठल्या साली पाणी होतं, कुठल्या साली आटलं, ऊस कधी आला आणि ज्वारी कधी गेली, भाऊ एकत्र होते तेव्हा काय घेतलं आणि वाटण्या झाल्यावर कशाला गिऱ्हाईक उरलं नाही, हे सगळं तिथं समजतं.

शहरातून आलेल्या पाहुण्यांना तो पसारा दिसतो. घरातल्या पोरांनाही आता तो पसाराच वाटतो. मला मात्र इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. तिथं पडलेल्या जुन्या यंत्रांपैकी बहुतेक बिघडून पडलेली नाहीत. ती चालू होती, चांगली होती, आणि ज्या कामासाठी आणली होती ते कामच संपलं किंवा हाताबाहेर गेलं. हा फरक मेस्त्रीला कळतो, कारण तो उघडून बघतो.

ढिगाच्या तळाला बहुधा लोखंडी नांगर असतो, मातीत फाळ रुतलेला. आमच्या भागात तो असणारच, कारण तो इथलाच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर कारखाना हलवला आणि किर्लोस्करवाडी वसली. कडबाकुट्टीचं यंत्र आणि नांगर ही त्यांची सुरुवातीची उत्पादनं. लोखंडाच्या फाळानं जमिनीला विष बाधतं, असा समज तेव्हा शेतकऱ्यांत होता आणि पहिले नांगर विकले जायला फार दिवस लागले, हे या भागात म्हाताऱ्या माणसांकडून ऐकायला मिळायचं. पुढं तोच नांगर घरोघरी गेला. सहा बैल, आठ बैल जुंपून खोल नांगरट करायचा तो अवजड नांगर. त्याच्या शेजारी कडबाकुट्टीचं चाक असतं, पात्याच्या जागी गंज धरलेलं. नांगराचा कुठलाही भाग निकामी झालेला नसतो. दावणीला आठ बैल उरले नाहीत, म्हणून तो तिथं आहे.

मोटेच्या चाकाचंही तेच. विहिरीच्या थारोळ्यावर आता आंब्याची मुळं चढलीत, पण चाकाचा लोखंडी कणा अजून सरळ असतो.

माझा खरा जीव इंजिनात. सातारारोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातून आधी नांगर आणि उसाचे चरक निघाले, मग १९३०च्या दशकात डिझेल इंजिनं. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झालं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सुटे भाग ओतले जाऊ लागले, राजकोटकडून लिस्टरच्या धाटणीची संथ इंजिनं आली. संथ म्हणजे मिनिटाला साडेसहाशे फेरे, दोन बाजूंना दोन जाड फ्लायव्हील, वजन तीनशे किलोच्या वर. किर्लोस्करचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन त्यापेक्षा पुष्कळ हलकं, पंधराशे फेऱ्यांचं. संथ इंजिनाचा आवाज रात्री दोन मळे ओलांडून ऐकू यायचा आणि कुणाचं इंजिन चाललंय हे अंथरुणावरून ओळखता यायचं.

ही इंजिनं गोठ्यामागं का गेली, याचं उत्तर लोक एका शब्दात देतात: लाइट आली. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं उत्तर विहिरीत आहे. इंजिनावर बसवतात तो सेंट्रिफ्युगल पंप पाणी वर ढकलतो जोरात, पण खालून ओढताना त्याला मर्यादा असते. कागदावर ती दहा मीटरच्या आसपास. प्रत्यक्षात पाईपचं घर्षण, फूटवॉल्व्हची गळती धरली की वीस-बावीस फुटांच्या पुढं पंप पाणी सोडतो. १९७२च्या दुष्काळानंतर विहिरी खोल होत गेल्या. लोकांनी विहिरीच्या आतल्या अंगाला कट्टे फोडले आणि इंजिनं साखळीनं खाली उतरवली. त्या कट्ट्यावर मी कामं केली आहेत. खाली धूर कोंडायचा, डोळे चुरचुरायचे, वर यायला अरुंद पायऱ्या. पाणी आणखी खाली गेलं तेव्हा दुसरा कट्टा फोडायची कुणाची तयारी नव्हती. मग बोअर आली, पाण्यात बुडून राहणारी मोटर आली, आणि इंजिन दोरखंडानं वर काढून गोठ्यामागं ठेवलं गेलं. पिस्टन शाबूत, लायनर शाबूत. पाणी मात्र त्याच्या आवाक्यात राहिलं नव्हतं. एखाद्या गावातल्या मागच्या चाळीस वर्षांच्या पाणीपातळीचा अंदाज घ्यायचा असेल तर तिथली इंजिनं कुठल्या साली बाहेर काढली ते घरोघर विचारावं. लोकांना ते साल लग्नाच्या सालासारखं पाठ असतं.

२००५च्या पुढं भारनियमनाचे दिवस आले. तासन्‌तास वीज नाही, रात्री येणार म्हणून जागायचं, आली की मोटर जळायची. तेव्हा विहिरीला पाणी असलेल्यांनी गोठ्यामागची इंजिनं पुन्हा काढली. मला जेवायला वेळ मिळत नव्हता. पंधरा-वीस वर्षं पडून असलेलं इंजिन मोकळं करणं हे घाईचं काम नाही. लोक आधी हँडल लावून लोंबकळतात. मी पहिल्यांदा हँडल काढून घेतो. मग हेड उतरवायचं. पिस्टनच्या वर लायनरला गंजाचं कडं धरलेलं असतं. त्यात रॉकेल आणि थोडं जुनं ऑइल ओतून घराकडं निघून यायचं. दुसऱ्या दिवशी बघायचं, तिसऱ्या दिवशी बघायचं. रॉकेल हळूहळू रिंगांच्या फटीतून खाली उतरतं. तळाचा प्लग सोडून आतलं पाणी काढायचं, कारण पावसाचं पाणी सायलेन्सरमधून आत गेलेलं असतं. सायलेन्सर तर उघडावाच लागतो. त्यात उंदरांनी चिंध्या भरलेल्या असतात, कधी गांधीलमाश्यांचं पोळं. मग लायनरच्या मापाचा बाभळीचा ठोकळा करून पिस्टनवर ठेवायचा आणि लाकडी मोगरीनं हलके ठोके द्यायचे. फ्लायव्हील बोटभर हललं की थांबायचं, उलटं न्यायचं, परत पुढं आणायचं. जोर केला की रिंग तुटते आणि लायनरवर ओरखडा उठतो.

इंजिन मोकळं झालं की नोझलची परीक्षा. डीकॉम्प्रेशनचा लिव्हर उचलून हँडल फिरवताना प्रत्येक दाबाला नोझल कुरकुरलं पाहिजे. तो बारीक आवाज आला की डिझेल फवारा होऊन पडतंय, धार लागत नाही, हे न उघडता कळतं. हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीत वळवायचा नाही. इंजिन उलटं फिरलं तर मनगट जातं. हे मी प्रत्येक पोराला सांगितलं आहे आणि त्याच्याकडून म्हणून घेतलं आहे. फेरे भरले की लिव्हर सोडायचा. एका वस्तीवर असं इंजिन सुरू झालं तेव्हा पडवीतल्या आजी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “मेस्त्री, ह्यांचं इंजिन हाय का हे?” मालक वारून बरीच वर्षं झाली होती. मी हो म्हणालो. त्या तिथंच ओट्यावर बसल्या आणि बंद होईस्तोवर उठल्या नाहीत.

उसाच्या चरकांची गोष्ट वेगळी. तीन ओतीव लाट्यांचा चरक, त्याला पट्ट्यानं जोडलेलं इंजिन, बाजूला चुलवाण आणि काहील. साखर कारखाने वाढले, गुळाचा भाव बेभरवशाचा झाला, गुळव्या मिळेना आणि चुलवाणापुढं रात्रभर बसणारी माणसं मिळेनात. गुऱ्हाळं बंद पडली ती या कारणांनी. चरकाच्या लाट्या मी हात लावून बघतो, त्यांच्या खाचा अजून बोटाला लागतात. एवढा जड चरक हलवायलाच चार माणसं आणि ट्रॉली लागते, म्हणून तो जागेवरच राहतो आणि भिंत त्याच्यावर कोसळते.

यंत्र गेलं तरी त्याचा कागद राहतो. इंजिनासाठी, विहिरीसाठी भूविकास बँकेचं कर्ज घेतलेलं असायचं आणि सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा चढलेला असायचा. इंजिन बंद पडून गंजलं, घेणारा माणूस गेला, नातू कर्ज काढायला बँकेत गेला तेव्हा सातबाऱ्यावर आजोबांच्या इंजिनाचा बोजा निघाला, अशी घरं मला माहीत आहेत. २०२२ साली राज्य सरकारनं भूविकास बँकेची थकीत कर्जं माफ करायचा निर्णय घेतला तेव्हा अशा कित्येकांचा जीव भांड्यात पडला. तोवर काही घरांत ते लोखंड विकायलाही लोक भीत होते. कर्ज फिटलं नाही तर वस्तू कशी विकायची, असं एका आबांनी मला तोंडावर विचारलं होतं. बँकेचं कुणी ते इंजिन न्यायला येणार नव्हतं. पण आबांच्या लेखी ते अजून पुरतं त्यांचं झालेलं नव्हतं आणि त्यांनी अखेरपर्यंत त्याला भंगारवाल्याचा हात लागू दिला नाही. असल्या सचोटीपुढं मला बोलायला काही सुचत नाही.

गाड्यांचा मामला कागदात जास्त अडकतो. मॅटाडोर, महिंद्राची जीप, राजदूत, लुना, ट्रॅक्स. मॅटाडोरनं तर द्राक्षं, दूध, भाजी आणि लग्नाची वऱ्हाडं एकाच आठवड्यात वाहिलेली असतात. पासिंगची मुदत संपली, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर गेला, की ती शेडच्या कडेला विटांवर चढते. आत कोंबड्या अंडी घालतात, कडब्याची वैरण ठेवतात. गाडी तशीच ठेवायला हरकत नाही, पण विकताना लोक घाई करतात. भंगारवाल्यानं रोख पैसे दिले, गाडी नेली, आणि आरटीओच्या दप्तरात मालक म्हणून शेतकऱ्याचंच नाव राहिलं, हे वारंवार घडतं. गाडी मोडल्यावर नोंदणी रद्द करून घ्यावी लागते आणि चेसीवरचा नंबराचा तुकडा सांभाळावा लागतो. २०२१ पासून वाहनं मोडीत काढायचे वेगळे नियम आले. नोंदणीकृत केंद्रात गाडी दिली की ती जमा केल्याचा दाखला मिळतो. वाट लांबची असली तरी मी लोकांना तिकडंच जायला सांगतो. दुसऱ्याच कुणी त्या चेसीचा गैरवापर केला तर पोलिसांपुढं उत्तर देत बसायची वेळ शेतकऱ्यावर येते.

भंगारवाला येतो तो दिवस मला आवडत नाही, तरी बोलावलं तर मी जातो. काटा झाडाला टांगतात किंवा टेंपोबरोबर वजनकाटा येतो. बीड वेगळं, पोलाद वेगळं, पत्रा वेगळा, पितळ आणि तांबं सगळ्यात शेवटी. घणाचा एक घाव बसला की बिडाचं हाउसिंग फुटतं. बीड वाकत नाही, तुटतं. आतला करडा दाणेदार पोत उन्हात चमकतो. त्याच बिडाला तडा गेला असता तर मी ते कोळशावर तापवून, बिडाच्या कांडीनं जोडून, राखेत पुरून रात्रभर हळूहळू निववलं असतं, कारण झटकन थंड केलं तर शेजारी दुसरा तडा जातो. एक हाउसिंग वाचवायला दीड दिवस जातो आणि फोडायला घणाचा एक घाव. क्रँकशाफ्टचे घासून आरशागत केलेले भाग असतात, त्यांना केसाच्याही जाडीचा फरक चालत नाही. काट्यावर त्यांचा भाव चुलीच्या जाळीएवढाच. त्या कारागिराच्या कामाला काट्यावर जागा नाही, याचं मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं. ते बीड पुढं कोल्हापूरकडं जातं, शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत वितळतं आणि नव्या गाड्यांचे भाग होऊन बाहेर पडतं. एवढं समाधान आहे की लोखंड वाया जात नाही. मी शेतकऱ्याला एवढंच म्हणतो की फोडायच्या आधी मला अर्धा दिवस द्या. फ्युएल पंप, नोझल होल्डर, गव्हर्नर, गनमेटलचे बुश, चांगली पुली एवढं मी काढून घेतो आणि भंगाराच्या भावापेक्षा जास्त पैसे देतो.

काही गोष्टी मात्र मी स्वतः उभं राहून तोडायला लावतो. जुनी मळणी यंत्रं त्यात पहिली. पेंढी सारायचं तोंड उघडं, पट्ट्यांना जाळी नाही. या यंत्रांनी आमच्या भागात किती हात नेले ते मी बघितलं आहे. अशा अपघातांमुळंच १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा आला. त्याच्या आधीचं मळणी यंत्र कुणी स्वस्तात मागायला आलं तर मी मालकाला हात जोडून सांगतो, देऊ नका. टायरही ठेवायचे नाहीत. त्यात पावसाचं पाणी साठतं आणि डेंग्यूचा डास त्यातच वाढतो. बॅटरी विहिरीजवळ तर अजिबात नको. आणि डिझेलची टाकी गॅस कटरनं कापायची असेल तर आधी पाण्यानं गच्च भरून घ्यावी. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत वाफ असते आणि तीच फुटते.

गेल्या दहा-बारा वर्षांत ढिगाचं रूप बदललं आहे आणि त्याची मला खरी काळजी वाटते. आता गोठ्यामागं ठिबकच्या नळ्यांची वेटोळी असतात, फाटलेला मल्चिंग पेपर, फवारणीच्या ब्लोअरची तडकलेली प्लॅस्टिकची टाकी, सौर पंपाचा बंद पडलेला कंट्रोलर. पाण्यातली मोटर जळली तर रिवाइंडिंगवाला ती भरून देतो, तेवढं अजून जमतं. कंट्रोलरच्या आतलं कार्ड गेलं की ना मी काही करू शकतो, ना तालुक्यातलं कुणी. कंपनीच्या माणसाची वाट बघायची आणि तोवर पीक सुकू द्यायचं. मी नव्या यंत्रांच्या विरोधात नाही. सौर पंपानं शेतकऱ्याची रात्रीची जागरणं वाचवली आणि अंधारात साप-विंचवाची धास्ती कमी केली, याचं मोल मोठं आहे. पण जुना ढीग चांगल्या यंत्रांचा होता. काम संपलं म्हणून ती ठेवून दिली आणि पुन्हा काम निघालं तेव्हा ती उठली. नवा ढीग एखादा भाग गेल्यावर उघडताच न येणाऱ्या वस्तूंचा आहे. त्यातून शेजाऱ्याच्या यंत्राला द्यायला काही निघत नाही आणि भंगारवालाही त्यातलं निम्मं इथंच टाकून जातो. यंत्र विकणाऱ्यानं ते उघडायची सोय आणि सुटे भाग तालुक्याला मिळायची हमी दिलीच पाहिजे, आणि अनुदान देताना सरकारनं ही अट घातली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. शेतातलं पाणी पुढच्या आठवड्याची वाट बघत नाही.

आयटीआय केलेला एक पोरगा सध्या माझ्याबरोबर फिरतो. त्याला मी आधी गोठ्यामागं जायला शिकवलं. आम्ही दोघांनी मिळून एक वही केली आहे: कुठल्या गावात, कुणाच्या मळ्यात, कुठल्या बनावटीचं काय पडलंय आणि त्यातलं काय चांगलं आहे. तो आता फोनमध्ये फोटोही घेतो, मापं टाकतो. त्या वहीतून मागच्या उन्हाळ्यात एका कडबाकुट्टीला दातेरी चाक मिळालं आणि पंधराशे फेऱ्यांच्या एका इंजिनाला हेड. सध्या येरळेकाठचे एक तात्या आमच्या मागं लागलेत. हळदीचा पॉलिशचा ड्रम ते अजून संथ इंजिनावर फिरवतात आणि त्याच्या गव्हर्नरच्या वजनाचा एक खिळा झिजून इंजिन पळायला लागलंय. नवा घडवता येईल, पण जुना मापाचा मिळाला तर बरा. वहीत तशी तीन इंजिनं आहेत, एक आटपाडीच्या बाजूला, दोन कडेगावला. फेब्रुवारीत हळद निघायच्या आत ती तिन्ही उघडून बघायची आहेत.